चाइल्ड पार्ट येत नाही, सर!

जुनी गाडी ठेवणाऱ्याला इंजिन सहसा रडवत नाही. रडवतात ते चिल्लर पार्ट. दरवाजाच्या हँडलचा खटका, वायपरच्या लिंकेजमधला बुश, हेडलाइट धरून ठेवणारा प्लास्टिकचा कान. आणि ते मागायला गेलं की काउंटरवरून ठरलेलं उत्तर येतं, "चाइल्ड पार्ट येत नाही सर, पूर्ण असेंब्ली घ्यावी लागेल."

माझं स्पष्ट मत आहे, हे उत्तर तांत्रिक नाहीये. हा धंद्याचा निर्णय आहे आणि त्याचं बिल आपण भरतो.

पॉवर विंडोचंच घ्या. काच वर-खाली करणारा रेग्युलेटर म्हणजे काय? एक मोटर, एक केबल, दोन-तीन पुल्या आणि काचेला धरणारी प्लास्टिकची क्लिप. मोटर वर्षानुवर्षं चालते. ऊन खाऊन ठिसूळ होते ती क्लिप. एक दिवस 'कट्' असा आवाज येतो आणि काच दरवाजाच्या पोटात! माझ्या चौदा वर्षांच्या गाडीचं हेच झालं. मोटर ठणठणीत, केबल ठणठणीत, पण कोटेशन अख्ख्या रेग्युलेटरचं. वर तीन आठवडे वेटिंग. तोवर काचेला चिकटपट्टी, तीही पुण्याच्या पावसात.

आमच्या धंद्यात एक फंक्शन बिघडलं म्हणून क्लायंटला अख्खी सिस्टीम पुन्हा विकत घ्या म्हणून सांगा बरं. दारात उभं करणार नाही तो!

आता कंपनीवाल्यांची बाजू. हजारो बारके पार्ट साठवणं परवडत नाही, असेंब्ली बदलली की वेळ वाचतो, सेफ्टी राहते. ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग यांच्याबाबत एकदम मान्य. तिथे जुगाड नकोच. पण काचेच्या क्लिपमध्ये कसली आलीय सेफ्टी? आणि साठवण परवडत नसेल तर ड्रॉइंग खुलं करा. भोसरीतला एखादा छोटा मोल्डिंगवाला काढून देईल की!

हे अशक्य नाही याचा पुरावा रस्त्यावर फिरतोय. मारुती ८०० चं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, तरी तिचे फुटकळ पार्ट अजून साध्या दुकानात मिळतात. कारण गाड्या भरपूर खपल्या, त्यामुळे बाहेरच्या लोकांनी पार्ट बनवले. मरण होतं ते कमी खपलेल्या मॉडेलवाल्याचं. त्याला कंपनीशिवाय वाली नाही आणि कंपनीला तो नकोय.

ही फक्त माझी कुरकूर नाही बरं का. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला होता. ठपका हाच, की अस्सल स्पेअर पार्ट आणि तपासणीची साधनं खुल्या बाजारात, स्वतंत्र गॅरेजवाल्यांना मिळू देत नाहीत. पुढे अपिलं वगैरे झालीच. मग डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने 'राइट टू रिपेअर' पोर्टल काढलं. त्यात वाहनंही आहेत. छान. पण पोर्टलवर माहिती असून काय उपयोग? क्लिप हातात पडायला हवी.

गंमत बघा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, आणि गाडी ठीक असेल तर पुढे पाच-पाच वर्षं वाढवता येते. त्या नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० रुपये झाली. म्हणजे गाडी इतकी जगू शकते हे सरकारला मान्य, फी घ्यायलाही मान्य. मग तेवढी वर्षं तिचा खटका आणि बुश सुटा मिळालाच पाहिजे, ही सक्ती का नको?

कारण भंगारात जाते ती नुसती गाडी नाही. क्लिप बदलून काच चढवणारा गल्लीतला मेकॅनिकही तिच्याबरोबर जातो. उरतात फक्त खोके बदलणारे.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी 'असेंब्लीच घ्या' म्हणाले की चाइल्ड पार्टची मागणी लेखी द्या, नकारही लेखी मागा. आणि काढलेला जुना पार्ट घरी घेऊन या. पैसे तुम्ही मोजलेत, मोटर तुमची आहे.