सर्व्हर वाढवले आणि सेवाच कोलमडली! ऑपरेटिंग सिस्टीममधली 'मर्यादा' का महत्त्वाची?

ॲप उघडत नसेल, तर 'सर्व्हरवर ताण आलाय' हे ठरलेलं उत्तर मिळतं. उपायही ठरलेला असतो, आणखी सर्व्हर लावा. पण २५ नोव्हेंबर २०२० रोजी ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेत नेमकं उलटं घडलं. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विभागात 'कायनेसिस' या सेवेसाठी जादा सर्व्हर जोडले आणि त्यामुळेच ती कोलमडली.

नेमकं काय घडलं?

कायनेसिसच्या पहिल्या फळीतला प्रत्येक सर्व्हर बाकीच्या प्रत्येक सर्व्हरशी बोलण्यासाठी एकेक थ्रेड सुरू करत असे. सर्व्हर वाढले, तसे प्रत्येकावरचे थ्रेडही वाढले आणि ऑपरेटिंग सिस्टीमने ठरवलेली कमाल संख्या ओलांडली गेली. परिणामी, आलेली विनंती पुढे कुठे पाठवायची हेच सर्व्हरना कळेना. भारतीय वेळेनुसार संध्याकाळी पावणेसातला धोक्याचे इशारे आले. सेवा पूर्ववत व्हायला दुसऱ्या दिवशीची दुपार उजाडली. कायनेसिसवर अवलंबून असलेल्या इतर सेवाही अडखळल्या. ग्राहकांना बिघाडाची माहिती देणाऱ्या फलकावर नोंद करायचं साधनही त्यातच अडकलं.

मर्यादा असते कशासाठी?

लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, अशा अनेक मर्यादा पाळतो. एका युजरने किती प्रोसेस चालवाव्यात, एका प्रोसेसने किती फाइल उघड्या ठेवाव्यात, हे ठरलेलं असतं. एकाच्या चुकीने सगळं मशीन बसू नये, हा त्यामागचा हेतू. गंमत अशी, की लिनक्सच्या हिशेबात नेटवर्कची जोडणीही उघडी फाइलच असते. एका प्रोसेससाठी हा आकडा परंपरेने १०२४ आहे. म्हणजे हजारभर लोक एकाच वेळी जोडले गेले, की पुढच्याला दार बंद! मेमरी रिकामी, प्रोसेसर निवांत, तरी लॉगमध्ये 'टू मेनी ओपन फाइल्स'.

मग मर्यादा काढूनच टाकायची?

अनेक जण तेच करतात. भलामोठा आकडा टाकतात आणि विसरतात. पण प्रोग्रॅम फाइल उघडून बंद करायला विसरत असेल, तर मोठ्या आकड्याने बिघाड टळत नाही, फक्त लांबतो. काही जुने प्रोग्रॅम तर सुरू होतानाच मर्यादेएवढे क्रमांक एकेक करून बंद करत बसतात. 'अमर्याद' म्हणून हा आकडा १०७ कोटींवर गेला, तर ते तिथेच अडकतात. आणखी एक नेहमीची चूक म्हणजे लॉगिन करणाऱ्या युजरसाठीची मर्यादा वाढवायची आणि निर्धास्त व्हायचं. सिस्टमडीने सुरू केलेल्या सेवेला ती लागूच होत नाही, तिची मर्यादा वेगळी लिहावी लागते. म्हणून सेटिंगची फाइल पाहून भागत नाही. चालू प्रोसेसला प्रत्यक्षात किती मर्यादा मिळाली आहे, हे तपासावं लागतं.

धडा काय?

ॲमेझॉनच्या इंजिनिअरांनी त्या दिवशी मर्यादा घाईने वाढवली नाही, कारण वाढीव आकड्याची चाचणी झालेली नव्हती. त्यांनी जादा सर्व्हर काढले आणि बाकीचे टप्प्याटप्प्याने पुन्हा सुरू केले. पुढे कमी संख्येचे, पण मोठ्या क्षमतेचे सर्व्हर वापरायचं आणि थ्रेडच्या वापरावर इशारे लावायचं ठरलं. आधी मोजा, चाचणी घ्या, मग आकडा बदला, हाच शहाणपणाचा क्रम आहे. आकडा आहे तसाच सोडणं हा निष्काळजीपणा, तसाच डोळे मिटून वाढवणं हाही.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे बिघाडाचं कारण कंपनीने तपशीलवार जाहीर केलं. निकाल, प्रवेश, तिकिटं आता सगळंच ऑनलाइन आहे. अशा वेळी 'सर्व्हर डाउन' एवढ्यावर लोकांची बोळवण करणं बंद व्हायला हवं. सर्व्हर डाउन हे कारण नाही, तो परिणाम आहे. तासन्‌तास स्क्रीनकडे पाहत बसलेल्या विद्यार्थ्याला खरं कारण कळायलाच हवं.