२५२० आणि रामानुजनची फुकटची आरती

दर चार-सहा महिन्यांनी ते ढकलपत्र व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून येतंच. २५२० ही म्हणे जगावेगळी संख्या! १ ते १० सगळ्यांनी भाग जातो, आणि हा शोध रामानुजनचा. पुरावा काय, तर आठवड्याचे ७ दिवस × महिन्याचे ३० × वर्षाचे १२ महिने = २५२०. (फेब्रुवारीचं काय केलं, विचारू नका.)

अहो, हा लसावि आहे! शाळेत आपण सगळ्यांनी घोटलाय. ५०४०लाही १ ते १०ने भाग जातो, ७५६०लाही. लसावि काढल्याबद्दल रामानुजनला हात जोडायचे म्हणजे सचिनला 'काय सुंदर पॅड बांधतो हो' म्हणण्यासारखं आहे.

माझी चिडचिड होते ती वेगळ्याच कारणाने. २५२० रामानुजनच्या कामात खरंच आहे. १९१५ साली लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्याचा मोठा निबंध आला. विषय असा, की ज्या संख्येला तिच्याहून लहान कुठल्याही संख्येपेक्षा जास्त विभाजक आहेत, तिची घडण कशी असते? २५२०ला ४८ विभाजक आहेत, म्हणून ती त्याच्या तक्त्यात आहे, पण अनेकींतली एक. तक्ता संपतो कुठे माहितीये? ६७,४६,३२,८३,८८,८०० वर. पावणेसात लाख कोटींच्या आसपास! विभाजक १०,०८०.

ही संख्या फोडून बघा: २चा घात ६, ३चा ४, ५ आणि ७चे प्रत्येकी २, मग ११, १३, १७, १९, २३ एकेकदा. विभाजक तयार करताना २ घ्यायचा शून्य ते सहा वेळा, म्हणजे ७ पर्याय. ३चे ५ पर्याय, पुढे ३, ३, आणि मग पाच वेळा २. गुणाकार केला की १०,०८०. घातांक उतरतेच का? समजा ५चा घात ३च्या घातापेक्षा मोठा असता, तर दोघांची अदलाबदल करून तेवढेच विभाजक असलेली लहान संख्या मिळाली असती. रामानुजनने पुढे हेही सिद्ध केलं की शेवटच्या मूळ संख्येचा घात कायम १च असतो, अपवाद फक्त ४ आणि ३६. याच कामावर १९१६मध्ये केंब्रिजने त्याला पदवी दिली. हे पाठवा की पुढे! पण नाही, यात दोन मिनिटं डोकं लावावं लागतं.

आणि ढकलपत्रातला रामानुजन कधी चुकत नाही. खऱ्याच्या तक्त्यात एक संख्या राहून गेली होती. आज कुणीही पायथॉनच्या पाच-पंचवीस ओळींत ती पकडेल, तो हे सगळं मशीनशिवाय करत होता. राहिलेली संख्या शोधायला तर प्रोग्रामही नको. तक्त्यातल्या त्या शेवटच्या संख्येला २३ने भागा. २,९३,३१,८६,२५,६००. विभाजक बरोब्बर निम्मे, ५,०४०.