अपराधाचा आजार करताना

अतिमानवी नायकांच्या दूरचित्रवाणी मालिका आता 'प्रौढ' झाल्या आहेत, असे आपल्या चर्चासत्रांतून वारंवार ऐकू येते. १९९७ मध्ये दूरदर्शनवर आलेल्या 'शक्तिमान'मध्ये चूक करायचे ते मूल. 'सॉरी शक्तिमान' म्हटले की ते मोकळे, आणि नायक निष्कलंक. आता नायकच अपराधी आहे, तो मानसोपचार घेतो. म्हणून ही प्रगती. हे समीकरण तपासून पाहिले पाहिजे.

'द फाल्कन अँड द विंटर सोल्जर' (२०२१) घेऊ. मनावर ताबा मिळवून ज्याच्याकडून हत्या करवून घेतल्या गेल्या, त्या बकी बार्न्सला माफीची अट म्हणून मानसोपचार घ्यावे लागतात. त्याच्या वहीत नावांची यादी आहे. एकेक नाव खोडायचे आहे. ज्याच्या मुलाला त्याने मारले, त्या वृद्ध योरीला तो अखेरच्या भागात सत्य सांगतो. पण पुढे मालिका जाते ती बकीबरोबर. वही पूर्ण होऊन उपचारकर्तीकडे पोचते. योरीचे दुःख नायकाच्या आरोग्यापायी खर्ची पडते. अपराध हा दोन माणसांमधला संबंध न राहता एकाचा आजार होतो. 'सॉरी'चा केवळ पत्ता बदलला आहे.

'जेसिका जोन्स' (२०१५-१९) अधिक प्रामाणिक आहे. तेथे एकाच अत्याचाऱ्याचे बळी एकत्र बसून बोलतात, हे मान्य केले पाहिजे. मात्र भीतीने ग्रासली की जेसिका लहानपणीच्या रस्त्यांची नावे पुटपुटते. हा तिला शिकवलेला उपचार. स्मरणात परतावे असे रस्ते शाबूत आहेत, हे त्यात गृहीत आहे. हा उपचार हिंदमाता-लालबागच्या जुन्या कामगाराला सुचवून पाहावा. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले; तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. फिनिक्स मिलच्या आवारात मॉल आला. रस्ता हिरावला जाणे हाच ज्याचा आघात, त्याने कोणती नावे पुटपुटावीत?

'शक्तिमान' आला त्याच वर्षी जयंत पवारांचे 'अधांतर' रंगभूमीवर आले, हा योगायोग बोलका आहे. गिरणी कामगाराच्या त्या घरात आई आणि मुले एकमेकांना बोल लावत राहतात, कारण ज्याला जाब विचारायचा तो त्या खोलीत कधी येतच नाही. नरूचे गुन्हेगारीकडे वळणे हा त्याच्या एकट्याच्या मनाचा विकार आहे, असे नाटक म्हणू देत नाही. अपराध तेथे घरभर, वस्तीभर पसरलेला आहे. म्हणूनच तो सुटत नाही.

हा मानसोपचाराला विरोध नव्हे. परळच्या के. ई. एम. रुग्णालयात मनोविकार विभागाबाहेर रांगेत बसलेल्या माणसाला तो हवाच. विरोध आहे तो दवाखान्याची परिभाषा नैतिक विवेकाच्या जागी बसवणाऱ्या समीक्षेला. नायक बरा झाला की नाही, हा प्रश्न मालिका स्वतःच विचारते; त्यासाठी समीक्षकाची गरज नाही. समीक्षकाने विचारायचे ते हे, की योरीचे काय झाले?