विद्यार्थ्यांचे श्रमदान: काम गावाने हंगाम पाहून ठरवावे

हिवाळ्यात अनेक गावांत महाविद्यालयांची श्रमसंस्कार शिबिरे भरतात. राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकाला दोन वर्षांत २४० तास सेवा आणि ७ दिवसांचे विशेष शिबिर पूर्ण करावे लागते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या अभ्यासक्रमातही समाजोपयोगी कामाला श्रेयांक मिळू लागले आहेत. म्हणजे गावात येणारे हात वाढणार आहेत. त्यांच्याकडून कोणते काम करून घ्यायचे, हे मात्र गावाने ठरवायला हवे.

बऱ्याच ठिकाणी एकच काम होते: माळावर खड्डे खणून रोपे लावणे. कोरडवाहू भागात जानेवारीत लावलेल्या रोपाला जूनपर्यंत पाणी कोण घालणार? शिवाय माळरान म्हणजे पडीक जमीन नव्हे. पवन्या, मारवेल, डोंगरी ही गवते आपल्या जनावरांचा चारा आहेत. तणमोर, काळवीट यांचे घरही तेच. उथळ, मुरमाड जमिनीत हीच गवते माती धरून ठेवतात. तिथे गिरिपुष्पाची दाट लागवड केली, तर सावलीत गवत मागे पडते आणि चारा कमी होतो.

हंगामाप्रमाणे कामे अशी ठरवावीत:

• ऑक्टोबर-नोव्हेंबर: ओढ्याला धार असतानाच वनराई बंधारा घालावा. माती भरलेल्या गोण्या रचताना सांध्यावर सांधा येऊ देऊ नये. पिकलेले गवताचे बी याच काळात गोळा करावे.

• डिसेंबर-जानेवारी: घाणेरी मुळासकट खणून काढावी. नुसती छाटली तर बुडातून पुन्हा फुटते. तिचा पाला जनावरांना विषारी असतो.

• जून-जुलै: मोकळ्या झालेल्या जागेत गवताचे बी फोकावे किंवा मारवेलचे ठोंब लावावेत. करंज, जांभूळ, उंबर यांची रोपे ओढ्याकाठी लावावीत.

विस्तार कार्यकर्त्यांनी शिबिर ठरण्यापूर्वीच शिक्षकांसोबत शिवारफेरी करावी. गायरानात काम असेल तर ग्रामपंचायतीची आणि वनजमिनीवर असेल तर वन विभागाची परवानगी घ्यावी. ज्यांची गुरे तिथे चरतात, त्यांनाही विचारावे. नवे गवत रुजेपर्यंत तेवढ्या भागात चराईबंदी त्यांनीच पाळायची आहे.

शिबिराच्या अहवालात किती रोपे लावली याचा आकडा असतो. पुढच्या मे महिन्यात त्यातली किती जगली, हा आकडाही शिक्षकांकडे मागा. पुढच्या वर्षीचे काम त्यावरून ठरवा.