बिबट्याच्या पिंजऱ्याविषयी मुख्य वन्यजीव रक्षकांस खुले पत्र

महोदय,



मनुष्याच्या जिवास धोका उत्पन्न करणारा बिबट्या पकडण्याचा हुकूम देण्याचा अधिकार 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने आपल्या पदाकडे सोपविला असल्यामुळे, जुन्नर, आंबेगाव, शिरूर या तालुक्यांतून ‘जनावर पकडा आणि दूर नेऊन सोडा’ अशी मागणी उठते तेव्हा तिचा निवाडा अखेर आपल्या दफ्तरातच होतो. ज्या घरातले मूल गेले त्या घराने ही मागणी करावी यात गैर काहीच नाही. परंतु ती मान्य केल्याने शेजारचे मूल सुरक्षित होते काय, या प्रश्नाचे उत्तर याच मुलखाने एकदा फार मोठी किंमत देऊन मिळविले आहे.

2001 च्या सुमारास जुन्नर परिसरातील बिबटे पकडून लांबच्या जंगलात सोडण्याचा मोठा उपक्रम वनखात्याने हाती घेतला. त्यापूर्वी वर्षाला सरासरी 4 हल्ले होत. उपक्रमानंतर ते 17 वर गेले, आणि त्यांतील प्राणघातक हल्ल्यांचे प्रमाणही दुप्पट झाले, असे वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दाखवून दिले. आपल्या मुलखातून उचलून अनोळखी रानात टाकलेले जनावर तेथे स्थिर राहत नाही: टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढून माळशेज घाटात सोडलेला ‘आजोबा’ नावाचा बिबट्या पुढे थेट मुंबईच्या परिसरात पोचला. (वाटेत त्याने कोणास इजा केली नाही, हेही सांगितलेच पाहिजे.) त्याच 2011 साली केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने अशा स्थलांतरास प्रतिकूल मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. एका तालुक्याच्या दुःखातून निघालेला निष्कर्ष साऱ्या देशाचे धोरण झाला, याचे मला मोल वाटते.

पण धोरण दिल्लीत ठरले म्हणजे जुन्नरमधील पिंपळवंडीच्या शेतकऱ्याची रात्र सुकर होत नाही. कुकडीच्या पाण्यावर वाढलेल्या उसात मादी पिले घालते, आणि पंपाची वीज रात्रीच्या पाळीला येते म्हणून त्याच उसाला पाणी द्यावयास माणसाला अंधारात उतरावे लागते. या परिस्थितीचा बंदोबस्त कोणत्याही पिंजऱ्याने होणार नाही. अकोले परिसरात चौरस किलोमीटरला 300 हून अधिक माणसे राहतात, तरी त्याच शेतांमधून बिबटेही वावरतात आणि बहुतांशी कुत्री-शेळ्यांवर जगतात, हे स्वयंचलित कॅमेऱ्यांनी व विष्ठेच्या परीक्षणाने सिद्ध झाले. संशोधकांनी जे मोजले ते वाघपूजेची वाघबारस पाळणाऱ्या तेथील आदिवासींना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. त्या माणसांना केवळ ‘जनजागृतीचे’ विषय मानणे हा माझ्या मते धोरणाचा सर्वांत मोठा दोष आहे.

यास्तव विनंती अशी की, पिंजऱ्याचा हुकूम काढण्यापूर्वी जुन्नरचे हे आकडे ग्रामसभेत मराठीतून वाचून दाखवावेत व गावाचे म्हणणे लेखी घ्यावे. बिबट्याने मारलेल्या शेळीचा पंचनामा विनाविलंब व्हावा. गोठे बंदिस्त करण्यास साहाय्य मिळावे. आणि बिबटप्रवण गावांना शेतीची वीज दिवसाच देण्याची शिफारस आपण आपल्या सहीनिशी, येत्या ऊसतोडीपूर्वी शासनाकडे पाठवावी.



आपला नम्र,
एक नागरिक