शेजारच्या खुर्चीवरून

माझ्या थोरल्या बंधूंची कन्या यंत्र अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकते. दिवाळीच्या सुट्टीत ती सांगलीस आली ती एक प्रकल्प बरोबर घेऊनच. आमच्या हळदीच्या गोदामात हवा कशी खेळते, कोठे कोंडते आणि झडपा कोठे असाव्यात, याचे गणित तिला संगणकावर मांडावयाचे होते. हळदीला ओल सोसत नाही हे आमच्या घरात लहान मुलासही ठाऊक. पण ती ओल कोणत्या कोपऱ्यात साचते, हे आजवर आम्ही नाकानेच ओळखत आलो. प्रकल्प ऐकताच अण्णांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, पेढीचा नवा लॅपटॉप तिच्यापुढे ठेवला. चालू वर्षाची सारी खतावणी, येणे-देणे आणि जीएसटीची विवरणपत्रे त्याच लॅपटॉपवर आहेत, हे ध्यानात आले तेव्हा मीही खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसलो.

तिला हवे असलेले साधन म्हणजे ओपनफोम. द्रव आणि वायू यांच्या प्रवाहाचे संगणकावर अनुकरण करणारी ही प्रणाली मुळात लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात आकारास आली आणि २००४ साली सर्वांसाठी खुली झाली. तिला परवाना शुल्क नाही, आणि तिच्या पोटातील आज्ञावली कोणीही वाचू शकतो. अडचण एवढीच की तिचे घर लिनक्स, आणि आमच्या पेढीवर विंडोज. खिडक्यांवर ‘पुढे, पुढे’ असे दाबत जाण्याची ज्याला सवय, त्याच्यासमोर एकाएकी काळा पडदा आणि त्यावर लुकलुकणारी एक खूण येते. हुशार मुलेही तेथे गांगरतात.

महाविद्यालयातील एका मित्राने तिला सल्ला दिला होता की डिस्कचे दोन भाग करून एकात लिनक्स बसवावे. हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला. काही वर्षांपूर्वी मी स्वतः हाच उद्योग केला, भाग निवडताना चुकलो आणि तीन महिन्यांची बिले पुसून बसलो. ती कागदी प्रतींवरून पुन्हा भरताना वहिनींनी मला चहा दिला. शब्द मात्र एकही बोलल्या नाहीत. जाणत्या हातांत ही रीत उत्तम आहे, परंतु ज्या यंत्रावर घरची खतावणी आहे तेथे नवशिक्याने तिच्या वाटेस जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सुदैवाने आता तिची गरजही राहिलेली नाही. विंडोजच्याच आत लिनक्स चालविण्याची सोय मायक्रोसॉफ्टने २०१६ पासून दिली आहे. तिला डब्ल्यूएसएल म्हणतात. विंडोज ११ आणि विंडोज १० च्या अलीकडच्या आवृत्त्यांत, पॉवरशेल व्यवस्थापकाच्या अधिकाराने उघडून एकच ओळ लिहावी लागते : डब्ल्यूएसएल, मग मोकळी जागा, दोन आडव्या रेघा आणि त्यांना चिकटून इन्स्टॉल. संगणक एकदा बंद करून चालू केला की उबुंटू नावाचे लिनक्स हजर होते. डिस्कचे भाग पाडावे लागत नाहीत.

तरीही आम्ही प्रथम हिशेबाची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतली आणि ती घरातल्या जुन्या संगणकावर उघडून शिलकेचा ताळा पाहिला. प्रत घेतली असे म्हणणे निराळे आणि ती उघडते हे पाहणे निराळे.

मग मी हात मांडीवर ठेवले. हे सोपे नव्हते. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या एका मुलासाठी मीच कळफलक हाती घेतला होता आणि अर्ध्या तासात सारे बसवून दिले होते. त्याने आभार मानले, आईने लाडू पाठविले. पंधरवड्याने त्याचा दूरध्वनी आला, ‘काका, काहीच चालत नाही.’ मी काय केले होते हे त्याला ठाऊक नव्हते आणि मलाही नीट आठवत नव्हते. म्हणून या वेळी एक कोरी वही मध्ये ठेवली. ती जी आज्ञा लिहील ती वहीत, आणि उत्तरादाखल पडद्यावर जे येईल तेही वहीत.

पहिलाच अडथळा गमतीचा. उबुंटूने नवा पासवर्ड मागितला. ती टंकू लागली, आणि पडद्यावर काहीच उमटेना. ‘काका, कळफलक बिघडला.’ बिघडला नव्हता. तेथे पासवर्डाची अक्षरेच काय, टिंबेही दिसत नाहीत. हे आधी सांगितले नाही तर दहापैकी नऊ जण येथे घाबरतात. दुसरी गोष्ट लहान-मोठ्या लिपीची. आपल्या देवनागरीत कॅपिटल अक्षर नाही. लिनक्सला मात्र इंग्रजी लहान ‘एफ’ आणि मोठा ‘एफ’ ही दोन निराळी माणसे वाटतात. आपण कोणत्या फोल्डरात आहोत हे विचारणारी आज्ञा आहे पीडब्ल्यूडी. बांधकाम खात्याशी तिचा संबंध नाही, असे मी म्हणालो तेव्हा ती प्रथम हसली.

पुढचा इशारा मात्र मी गंभीरपणे दिला. ‘सुडो’ हा शब्द आज्ञेआधी लावला की आपण मालकाच्या अधिकाराने बोलतो. शिवाय या लिनक्समधून ‘एमएनटी’ फोल्डरातील ‘सी’ या वाटेने आपली विंडोजची डिस्क, म्हणजे खतावणीही, दिसते. येथे पुसलेली फाइल कचरापेटीत जात नाही, थेट नाहीशी होते. म्हणून सराव लिनक्सच्या स्वतःच्या घरातच करावयाचा, त्या वाटेने पलीकडे जाऊन नव्हे. तेथे कामाचा वेगही बरा मिळतो.

ओपनफोम उतरले, बसले. तिने पहिली आज्ञा दिली आणि उत्तर आले की अशी आज्ञा सापडत नाही. तिचा चेहरा उतरला. पुन्हा पहिल्यापासून बसवू या, म्हणाली. मी विचारले, ‘माल गोदामात आला, पण साठावहीत नोंद केलीस का?’ प्रणाली डिस्कवर असते, पण ती कोठे आहे हे लिनक्सला सांगावे लागते. घरच्या फोल्डरातील ‘बॅशआरसी’ या फाइलच्या शेवटी ओपनफोमच्या तशाच नावाच्या फाइलचा पत्ता एका ओळीत लिहिला आणि नवी खिडकी उघडली, की काम झाले. ती ओळ तिनेच शोधली, तिनेच लिहिली. मी केवळ वहीत कोठे पाहावे हे दाखविले.

दुपारी खरा घोळ झाला. तिच्याजवळचा छापील पाठ एका ओपनफोमचा, आणि बसविलेले दुसरेच. या नावाच्या दोन शाखा आहेत : एकीच्या आवृत्तीस ११, १२ असे साधे क्रमांक, दुसरीच्या क्रमांकात वर्ष आणि महिना, जसे २३१२. साध्या क्रमांकांच्या शाखेने अकराव्या आवृत्तीपासून कित्येक जुन्या आज्ञांच्या जागी ‘फोमरन’ ही एकच आज्ञा आणली, त्यामुळे एकीकडील धडा दुसरीकडे अडतो. नवशिक्यास मदत करणाऱ्याने पहिला प्रश्न हाच विचारावा : कोणती शाखा, कोणता क्रमांक? आणि पडद्यावर चुकांची रांग लागली तर शेवटची नव्हे, सर्वांत वरची वाचावी; खालच्या बहुधा तिच्याच लेकी असतात. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल उपक्रमात लिनक्सचे पाठ मराठीतून ऐकावयास मिळतात. तिने रात्री त्यांतील दोन ऐकले, आणि सकाळी मलाच एक आज्ञा शिकविली.

दुसऱ्या दिवशी ओपनफोमबरोबर येणारे पहिले उदाहरण चालले. दहा सेंटीमीटर बाजूची चौकोनी डबी, तिचे झाकण सेकंदाला एक मीटर वेगाने सरकते, आणि आतील द्रव फिरू लागतो. डबीच्या दोन्ही बाजूंचे वीस-वीस भाग, म्हणजे चारशे घरे. अर्ध्या सेकंदाचा काळ शंभर पावलांत. चहाचा घोट घेण्याआधी हिशेब पुरा झाला. पॅराव्ह्यू या चित्र दाखविणाऱ्या प्रणालीत झाकणालगत लाल पट्टा उमटला, मध्ये भोवरा दिसला, आणि खालचे दोन कोपरे निळे, जवळजवळ निश्चल.

अण्णा मागे येऊन उभे होते. ‘हे आपले गोदाम का?’

‘नाही अण्णा, ही नुसती डबी आहे.’

‘कोपऱ्यातली हवा हलत नाही, तर मग गोदामच ते,’ अण्णा म्हणाले, आणि त्यांनी आधी खतावणी उघडावयास लावली. शिलकेचा ताळा जुळला. तिसऱ्या दिवशी सकाळी बापलेक मोजपट्टी घेऊन गोदामाकडे गेले. वही ती बरोबर घेऊन गेली होती.