पंजाचं पंचांग

कुत्रा लंगडत घरी आला की आमच्या जोयडा तालुक्यात पहिला प्रश्न ठरलेला: ‘काय चावलं रे ह्याला?’ उत्तराची वाट न बघता चुलीवर हळद-तेल चढतं. त्यात वाईट काही नाही. पण मला विचाराल तर आधी पंजा उचलावा, बोटं फाकवावीत आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे एक नजर टाकावी. कारण इथल्या कुत्र्याच्या पायाची सूज बहुतेक वेळा ऋतू धरून येते. तालुक्याचा बराचसा भाग रान, त्यातला मोठा तुकडा काळी व्याघ्र प्रकल्पात. कुत्रा दिवसभर ज्यातून चालतो ते सगळं त्याच्या बोटांच्या बेचक्यात उतरतं.

पावसाळ्यापासून सुरुवात करू. अणशी, कॅसलरॉककडची माणसं जळवांना नवखी नाहीत. माणूस पायाला तंबाखू-चुना चोळून निघतो, कुत्र्याला कोण चोळणार? जळू बोटांमध्ये शिरते, पोट भरलं की गळून पडते, पण तिच्या लाळेमुळे रक्त गोठत नाही आणि ओघळ चालूच राहतो. जळवेने गाठ येत नाही. गाठ येते ती नंतर, चाटण्याने. चार महिने ओला पंजा, त्यावर सततची जीभ, आणि मग एक दिवस बोटांच्या मधोमध लालभडक, चकचकीत फोड. एखाद-दोन सेंटिमीटरचा, हात लावला की कुत्रा कळवळतो. फुटला की रक्तमिश्रित पू येतो, दोन दिवस बरं वाटतं, मग शेजारच्या बेचक्यात दुसरा.

ह्या फोडाची रीत समजून घेण्यासारखी आहे. कुत्रा टाच टेकून चालत नाही, बोटांवर चालतो, आणि अंगाचा साधारण 60 टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो. म्हणून हे फोड पुढच्या पंजांत जास्त. बोटांमधले आखूड, राठ केस चालताना दाबले जाऊन उलटे कातडीत घुसतात. केसाच्या मुळाची पिशवी आतल्या आत फुटते, तिच्यातला ऐवज मांसात सांडतो, आणि शरीर त्याला परका समजून त्याच्याशी भांडत बसतं. जंतू पुढच्या वाटेने येतातच. त्यामुळे पाच दिवसांच्या गोळ्यांनी फोड वरून सुकतो, आत तसाच राहतो. डॉक्टर जेव्हा कित्येक आठवडे औषध द्या म्हणतात तेव्हा ते उगीच म्हणत नाहीत. आणि पुनःपुन्हा होत असेल तर त्याच्या मागे काही असतं: खरजेचे सूक्ष्म किडे, कसली तरी अ‍ॅलर्जी, नाहीतर चक्क वजन. दांडेली-गणेशगुडीच्या होमस्टेंवर पाहुण्यांच्या ताटातलं खाऊन गोल झालेले लॅब्राडोर बघितले की मला त्यांच्या पंजांचीच काळजी वाटते. गवळीवाड्यावरचा म्हशींमागे धावणारा हाडकुळा गावठी कुत्रा ह्या बाबतीत त्यांच्यापेक्षा सुखी.

पाऊस ओसरला, गवत वाळलं की कुसळांची पाळी. हल्याळच्या अंगाला, उघड्या माळांवर हा त्रास अधिक. कुसळाच्या टोकावरचे केस एकाच दिशेला वळलेले असतात. ते पुढे सरकतं, मागे येत नाही. कातडीत शिरल्यावर प्रत्येक पावलासरशी ते वर चढत जातं. बाहेरून दिसते फक्त सूज आणि एक बारीक भोक, ज्यातून पाणी झिरपतं. भोक मिटतं, लोक निर्धास्त होतात, पंधरवड्याने पुन्हा उघडतं. असं मिटणारं-उघडणारं भोक दिसलं की आत काहीतरी राहिलंय हे पक्कं समजावं; मग ते कुसळ असेल, करवंदीचा काटा असेल नाहीतर साळिंदराच्या मोडक्या काट्याचं टोक. वरून मलम लावून ते बाहेर येत नाही. चीर देऊन शोधावंच लागतं.

थंडीपासून थेट मे महिन्यापर्यंत गोचिडांचं राज्य. रक्त पिऊन टम्म झालेली मादी बोटांमध्ये एरंडाच्या बीसारखी दिसते, आणि अनेकजण तिलाच गाठ समजून त्यावर चुना लावतात. आमच्या ओळखीचे एक गवळी मामा आहेत. कुणीही कुत्र्याची तक्रार घेऊन गेलं की त्यांचं एकच वाक्य: “औषध मागाहून, पयलं पाय बघ.” गोचीड निघाली तर बारीक चिमट्याने अगदी कातडीलगत धरायची आणि सरळ, सावकाश ओढायची. चिरडायची नाही, पिळायची नाही, रॉकेल ओतायचं नाही. त्याने कुत्र्याची कातडी भाजते, दुसरं काही होत नाही. तोंडाचा तुकडा आत राहिला तर तिथे आठवडाभर बारीक गाठ राहू शकते.

आपल्या भागात गोचिडीकडे नुसती किळस म्हणून बघून चालत नाही. 1957 साली शिमोगा जिल्ह्यातल्या सोरब तालुक्यात, क्यासनूरच्या रानात माकडं मरून पडू लागली आणि माणसं तापाने फणफणली. पुण्याच्या तेव्हाच्या व्हायरस रिसर्च सेंटरने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने, त्यामागचा विषाणू शोधला. तोच माकडताप गेल्या काही वर्षांत गोव्याच्या सत्तरीत आणि सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात पोचला. आपल्या उत्तर कन्नडमध्येही तो नवा नाही. कुत्रा हा ताप पसरवतो असं कुणी समजू नये, बिचाऱ्याला उगाच दगड बसतील. पण रानातली गोचीड अंगावर वागवून ओसरीपर्यंत तो आणू शकतो. काढलेली गोचीड हाताने ठेचायची नाही ती म्हणूनच. कुत्र्याला होणारा गोचीडताप हा वेगळा आजार. पंजा सुजलाय आणि शिवाय तो खात नाही, हिरड्या फिक्या पडल्यात, नाकातून रक्त येतंय, तर प्रश्न पायाचा उरलेला नाही, रक्ताचा आहे.

सापाला मात्र महिना लागत नाही, तो घड्याळावर कळतो. सकाळी बरा असलेला पाय दुपारी दुप्पट, टणक, निळसर झाला तर वाट बघू नये. घोणस आणि फुरसं यांच्यावर आपल्याकडची प्रतिविषाची लस चालते. कुत्र्यालाही माणसांचीच देतात. घाटातल्या रानात दिसणाऱ्या मलबारी चापड्यावर ती लस बनवलेली नाही, त्या दंशात डॉक्टर सूज, वेदना आणि रक्तस्राव सांभाळतात. पाय करकचून बांधणं, चिरणं हे दोन्ही घातकच. आणि माणसांची दुखण्याची गोळी देऊ नका. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं जातात. दुखऱ्या पायाला हात लावण्याआधी तोंडाला कापडाची पट्टी बांधा. घरचा, गरीब, कधी गुरगुरला नाही, हे सगळं कबूल, तरीही बांधा.

राहिली ती गाठ, जी ना पावसाळा जाणते ना उन्हाळा. तीन वर्षांखालच्या कुत्र्याच्या पायावर गोल, गुलाबी, केस नसलेला उंचवटा आला तर तो बऱ्याचदा निरुपद्रवी असतो, दोन-तीन महिन्यांत आपोआप विरतो. म्हातारपणी आलेल्या गाठीला ही सवलत नाही. त्यातही एकाच बोटाची सूज, नख सैल होऊन पडलेलं, औषधांचा कोर्स झाला तरी ओसरत नाही, असं असेल तर तो नखाच्या मुळाशी झालेला कॅन्सर असू शकतो. काळ्या रंगाच्या मोठ्या कुत्र्यांत हे जास्त आढळतं. नख दगडात अडकून निघालं असेल म्हणत महिने जातात, तेवढ्यात आतलं हाड खाल्लं जातं. बारीक सुईने गाठीतल्या पेशी काढून काचेवर बघणं आणि पंजाचा एक्स-रे एवढ्यावर बरंच कळतं. जोयड्याहून त्यासाठी कुत्र्याला गाडीत घालून लांब न्यावं लागतं, हे खरं; इथे 1962 वर फोन लावून येणारी पशुवैद्यकीय गाडी गुराढोरांना उपयोगी, एक्स-रे तिच्यात नसतो.

बोट काढायची वेळ आली तर माणसं हादरतात. कुत्रा हादरत नाही. एक बोट गेलेला कुत्रा जखम भरल्यावर पूर्वीसारखाच धावतो. फक्त काढलेला तुकडा तपासायला पाठवा, असं आपणच डॉक्टरांना आठवणीने सांगावं. गदग किंवा शिवमोग्ग्याच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाकडे विचारणा करता येते. नाहीतर तुकडा बादलीत जातो, आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या पायाला काही आलं की पहिली गाठ कसली होती हे सांगायला कोणी नसतं.